ग्रुपमध्ये नाव घातलं, तरी ‘परमिशन डिनाइड’: पाणी कुठे मुरतं ते शोधायची रीत

ऑफिसात नवीन माणूस रुजू होतो. लिनक्स सर्व्हरवर त्याचं खातं उघडतात, शेअर्ड फोल्डरच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव घालतात, कमांड एक शब्दही न बोलता पार पडते. आणि तो फोल्डर उघडायला गेला की ‘परमिशन डिनाइड’. पुन्हा नाव घातलं, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी वैतागून फोल्डरवर ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार) मारतं, काम चालू होतं, आणि पुढचा नवीन माणूस आला की हाच खेळ परत. ७७७ ने दुखणं बरं होत नाही. सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याला, अगदी वेब सर्व्हरच्या खात्यालासुद्धा, त्या फोल्डरमधलं काहीही पुसायची मुभा मिळते, एवढंच.

उदाहरणासाठी ठाण्यात वागळे इस्टेटमधलं बारा-पंधरा जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस धरू. उबंटू सर्व्हर, त्यावर /एसआरव्ही/आराखडे हा फोल्डर, ‘आराखडा’ नावाचा ग्रुप आणि ‘मंदार’ नावाचं खातं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. ऑप्शनचं अक्षर कॅपिटल लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी स्मॉल. रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (ते अधिकार तेवढ्यापुरते देणारी कमांड) आहेच असं समजा.

नोंद एकीकडे, प्रोसेस दुसरीकडे

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ग्रुपची नावं ठाऊक नसतात. त्याच्या लेखी ग्रुप म्हणजे एक आकडा, जीआयडी. नाव आणि आकडा यांची यादी /ईटीसी/ग्रुप या फाइलमध्ये असते. तिच्या प्रत्येक ओळीत कोलनने तोडलेले चार रकाने: ग्रुपचं नाव, पासवर्डच्या जागी एक्स, जीआयडी आणि स्वल्पविरामांनी जोडलेली सदस्यांची नावं.

मंदार लॉगिन करतो तेव्हा ही यादी एकदा वाचली जाते. तो ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे त्यांचे आकडे गोळा होतात आणि त्याच्या पहिल्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, चिकटतात. त्यानंतर त्यातून निघणारी प्रत्येक प्रोसेस तेच आकडे वारशाने घेते. फाइल उघडताना कर्नल यादीकडे ढुंकूनही पाहत नाही, प्रोसेसवरचे आकडे पाहतो. ठाणे-वाशीचा सेकंड क्लासचा पास खिशात असताना खिडकीवर फर्स्ट क्लासचे पैसे भरून आलात, पण नवा पास हातात घेतलाच नाही, तर टीसी खिशातलाच पास बघणार. तसंच हे.

म्हणून पहिली तपासणी दोन कमांडची. दोन्ही मंदारच्याच टर्मिनलमध्ये, जिथे अडलंय तिथेच चालवायच्या:

आयडी
आयडी मंदार

दिसायला सारख्या, पण काम वेगळं. नाव न देता दिलेली ‘आयडी’ चालू प्रोसेसवरचे ग्रुप दाखवते. नाव देऊन दिलेली ‘आयडी’ यादी नव्याने वाचून त्यातले ग्रुप दाखवते. ‘ग्रुप्स’ या कमांडचंही असंच आहे. ॲडमिनने आपल्या टर्मिनलवरून ‘आयडी मंदार’ चालवून ‘आहे की ग्रुपमध्ये!’ म्हणणं ही यातली सगळ्यात नेहमीची दिशाभूल.

दुसऱ्या उत्तरात ‘आराखडा’ आहे आणि पहिल्यात नाही, म्हणजे प्रोसेस जुनी आहे. दोन्हींत नाही, तर नोंदच झालेली नाही. दोन्हींत आहे आणि तरी अडतंय, तर दोष फाइलच्या वाटेवर आहे. पुढचं सगळं या तीन फाट्यांपैकी कुठल्या तरी एकावर येतं.

प्रोसेस जुनी असेल तर

साधं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: लॉगआउट करून परत लॉगिन करा. ते केल्यावरही जमत नाही तेव्हा खरी डोकेदुखी सुरू होते, कारण लॉगआउट झालं असं वाटतं पण झालेलं नसतं.

पहिला संशयित टीमक्स किंवा स्क्रीन, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवर टर्मिनल जिवंत ठेवणारे प्रोग्रॅम. घरी जाताना लोकलमध्ये मोबाइलवरून सर्व्हर बघणारी मंडळी टीमक्सचं एक सेशन महिनोन्‌महिने उघडं ठेवतात. एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तोडून परत जोडलं तरी आतलं शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, जुन्या टीमक्स सर्व्हरचं अपत्य असतं, त्यामुळे जुनेच ग्रुप. नवी विंडो उघडूनही फरक पडत नाही. टीमक्स सर्व्हरच मारावा लागतो: टीमक्स किल-सर्व्हर. आत काही चालू असेल तर आधी ते आवरून घ्या.

दुसरा, एसएसएचचं मल्टिप्लेक्सिंग. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये कंट्रोलमास्टर आणि कंट्रोलपर्सिस्ट चालू असेल तर नवीन टर्मिनल जुन्याच जोडणीवर चढतं, पुन्हा लॉगिन होतच नाही. क्लायंटवरून ‘एसएसएच -ओ एक्झिट’ आणि सर्व्हरचं नाव द्या. इथला ओ कॅपिटल. व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच वापरत असाल तर सर्व्हरवर त्याचा स्वतःचा एक प्रोग्रॅम मागे चालत राहतो. खिडकी बंद करून तो मरत नाही. कमांड पॅलेटमधून ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ निवडावं लागतं.

तिसरा प्रकार डेस्कटॉपवर भेटतो आणि तो सगळ्यात चकवणारा आहे. सिस्टमडी (सर्व्हिस आणि सेशन सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक वेगळा यूजर मॅनेजर चालवतो, आणि नोम टर्मिनलसारखे प्रोग्रॅम लॉगिनच्या शेलमधून नाही, तर या मॅनेजरमधून उघडतात. शेवटचं सेशन संपल्यावर तो मॅनेजर लगेच जात नाही, मुळातल्या सेटिंगनुसार १० सेकंद थांबतो. त्या १० सेकंदांत परत लॉगिन केलंत, किंवा त्याच खात्याचं दुसरं एखादं एसएसएच सेशन उघडं राहिलं, किंवा खात्यावर लिंगर (लॉगआउटनंतरही मॅनेजर चालू ठेवायची सोय) चालू असेल, तर मॅनेजर जुनाच राहतो आणि टर्मिनलला जुने ग्रुप देतो. ओळखायची खूण अशी की एसएसएचने आत गेलं तर ग्रुप दिसतो, डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये दिसत नाही. ‘लॉगिनसीटीएल यूजर-स्टेटस मंदार’ने काय काय जिवंत आहे आणि लिंगर आहे का ते दिसतं. मग

लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर मंदार

ही कमांड त्या खात्याच्या सगळ्या प्रोसेस मारते, न साठवलेल्या कामासकट. आधी विचारून घ्या.

सर्व्हिसचा मामला वेगळा. वेब सर्व्हरच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या खात्याला ग्रुपमध्ये घातलं आणि ‘सिस्टमसीटीएल रीलोड’ केलं, तर बदल लागेलच असं नाही. रीलोडमध्ये मूळ प्रोसेस तीच राहते, कॉन्फिग तेवढं नव्याने वाचलं जातं. रीस्टार्टच खात्रीचं. पीएचपी-एफपीएम वेगळं चालत असेल तर तेही. एनजिनएक्स रीस्टार्ट करून पीएचपीची तक्रार जात नाही.

कुठल्याही प्रोसेसवर खरोखर काय चिकटलंय ते पाहायचं असेल तर तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढून /प्रॉक/पीआयडी/स्टेटस ही फाइल वाचा. तीत जीआयडी आणि ग्रुप्स अशा दोन ओळी असतात, आकड्यांत. तर्क लढवण्यापेक्षा ही फाइल बघणं केव्हाही बरं.

अगदीच घाई असेल तर ‘न्यूजीआरपी आराखडा’. ही कमांड यादी नव्याने वाचते आणि तो ग्रुप लावून एक नवीन शेल उघडते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फरक फक्त त्या शेलपुरता. एक्झिट केलं की परत जुन्या शेलमध्ये. दोन, तो ग्रुप तात्पुरता प्राथमिक होतो, म्हणजे तिथे बनवलेली प्रत्येक फाइल, घरच्या डिरेक्टरीतलीसुद्धा, ‘आराखडा’ ग्रुपची होते. हा विचित्रपणा जुना आहे: एका प्रोसेसवर अनेक ग्रुप ठेवायची सोय १९८३ मध्ये ४.२ बीएसडीने आणली, त्याआधी एका वेळी एकच ग्रुप असे आणि न्यूजीआरपीने तो बदलावा लागे. एकच कमांड चालवायची असेल तर ‘एसजी आराखडा -सी’ आणि अवतरणात ती कमांड, हे जास्त नीटस. न्यूजीआरपी कुणाच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये मात्र घालू नका. ती नवं शेल उघडते, त्यामुळे स्क्रिप्ट तिथेच थबकते.

नोंद चुकली असेल तर

मंदारला ग्रुपमध्ये घालायची बरोबर कमांड ही:

यूजरमॉड -एजी आराखडा मंदार

यातला ए स्मॉल, जी कॅपिटल. ए म्हणजे असलेल्या ग्रुपमध्ये भर घाल. तो ए विसरलात आणि नुसता कॅपिटल जी दिलात, तर मंदारचे बाकी सगळे जोड-ग्रुप जातात आणि ‘आराखडा’ तेवढा उरतो. त्यात सुडो गेला तर मंदार ॲडमिन राहिला नाही. आणि मंदार हाच एकमेव ॲडमिन असेल तर सर्व्हर हातातून गेला. जी स्मॉल दिलात तर तिसरंच होतं, मंदारचा प्राथमिक ग्रुप बदलतो. सोबत त्याच्या होम डिरेक्टरीतल्या, जुन्या प्राथमिक ग्रुपच्या फाइलींचाही ग्रुप बदलतो. होमबाहेरच्या फाइली मात्र तशाच राहतात, त्या हाताने शोधाव्या लागतात.

ए विसरला हे कळल्याबरोबर पहिलं काम: कुठलंही टर्मिनल बंद करू नका. वर जी गोष्ट आडवी येत होती तीच आता कामाला येते. मंदारच्या जुन्या शेलवर जुने आकडे अजून चिकटलेले आहेत. तिथे नाव न देता ‘आयडी’ चालवा, गेलेल्या ग्रुपची पूर्ण यादी मिळेल. ती उतरवून घ्या. सुडो मुळातल्या सेटिंगमध्ये शक्यतो प्रोसेसवरचेच ग्रुप पाहतं, त्यामुळे त्या शेलमधून सुडो बहुधा अजून चालेल. तिथूनच सगळे ग्रुप स्वल्पविरामाने जोडून परत घाला, मध्ये स्पेस न देता:

यूजरमॉड -एजी सुडो,एडीएम,एलपीॲडमिन,आराखडा मंदार

टर्मिनल बंद झालंच असेल तर आणखी दोन ठिकाणी माग लागतो. /ईटीसी/ग्रुप- या फाइलमध्ये, म्हणजे नावाच्या शेवटी हायफन असलेल्या, शेवटच्या बदलाच्या आधीची प्रत असते. पण ग्रुप बदलणारी पुढची कमांड तीही पुसून टाकते, म्हणून सगळ्यात आधी ती दुसरीकडे कॉपी करा. आणि उबंटूवर /व्हार/लॉग/ऑथ.लॉग मध्ये कुठल्या ग्रुपमधून नाव गेलं त्या ओळी असतात. सुडोच उरलं नसेल तर ग्रबच्या मेनूतून रिकव्हरी मोड, रूट शेल, ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ आणि मग यूजरमॉड. क्लाउडवरच्या मशीनला सिरियल कन्सोल लागतो, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी लागते.

हे नको असेल तर एका माणसासाठी ‘जीपासडब्ल्यूडी -ए मंदार आराखडा’ वापरा. ती भर घालते, इतर ग्रुपना हात लावत नाही, काढायला -डी. नावांचा क्रम यूजरमॉडच्या उलट आहे: आधी माणूस, मग ग्रुप. ऑप्शन न देता नुसतं ‘जीपासडब्ल्यूडी आराखडा’ केलंत तर ती ग्रुपला पासवर्ड ठेवायला निघते. ग्रुपचा पासवर्ड ही सोय आजच्या कामात कुणाच्याच उपयोगाची नाही. कंट्रोल-सी मारून बाहेर या.

‘गेटएंट ग्रुप आराखडा’ केल्यावर सदस्यांच्या जागी कुणाचंच नाव दिसलं नाही, तरी ग्रुप रिकामा आहे असं समजू नका. ज्यांचा तो प्राथमिक ग्रुप आहे, त्यांची नावं तिथे येत नाहीत. ती नोंद /ईटीसी/पासडब्ल्यूडीच्या चौथ्या रकान्यात, आकड्यात असते. फोल्डरला कोणाकोणाची पोच आहे याची यादी साहेबांना द्यायची असेल तर दोन्हीकडे पाहावं लागतं.

कमांडच ‘कॅनॉट लॉक /ईटीसी/ग्रुप’ म्हणून परत आली, तर आधीची एखादी कमांड अर्ध्यात मेली आहे किंवा अजून चालू आहे. दुसरी कुठली यूजरमॉड किंवा पॅकेज इन्स्टॉल चालू नाही याची पीएसने खात्री करा, मगच /ईटीसी/ग्रुप.लॉक आणि /ईटीसी/जीशॅडो.लॉक पुसा. आणि /ईटीसी/ग्रुप फाइल थेट एडिटरमध्ये उघडून बदलायची सवय असेल तर सोडा. व्हीआयजीआर ही कमांड लॉक लावून एडिटर उघडते, -एस दिलं की जीशॅडोसाठी (ग्रुपच्या पासवर्डची जोडफाइल). दोन्ही फाइली जुळतात का ते ‘जीआरपीसीके -आर’ सांगते. -आर म्हणजे फक्त वाच, बदलू नको.

वाटेवर अडत असेल तर

दोन्ही आयडींमध्ये ग्रुप आहे, तरी फाइल उघडत नाही. इथे बहुतेक जण फाइलवरच्याच परमिशनकडे बघत बसतात. फाइलपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स, म्हणजे आत शिरायचा अधिकार, लागतो, हे निसटतं. एका फटक्यात सगळी वाट दाखवणारी कमांड:

नेमआय -एल /एसआरव्ही/आराखडे/घोडबंदर/तळमजला.डीडब्ल्यूजी

रूटपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन खाली खाली छापून येतात. जिथे मंदारला एक्स नाही, तिथे अडलं. शेअर्ड फोल्डर कुणाच्या तरी होममध्ये केला असेल तर तर हमखास: उबंटूने २१.०४ पासून नवीन होम डिरेक्टरी ७५० ने बनवायला घेतली, म्हणजे बाहेरच्याला आत पाऊलही टाकता येत नाही. उपाय होम मोकळं करणं नव्हे. फोल्डर /एसआरव्हीमध्ये न्या.

दुसरा नियम फार जणांना माहीत नसतो. कर्नल मालक, ग्रुप आणि इतर यांपैकी एकच खाना लावतो. मंदार मालक असेल तर फक्त मालकाच्या परमिशन पाहिल्या जातात. ग्रुपला जास्त अधिकार असले तरी त्याला ते मिळत नाहीत. तसंच ग्रुपात असेल तर ‘इतर’ चा खाना त्याच्यासाठी नसतोच. ६०४ ची फाइल सगळ्या जगाला वाचता येते, ग्रुपच्या माणसाला नाही. ग्रुपमध्ये घातल्यावर आधी उघडणारी फाइल उघडेनाशी झाली, अशी उलटी तक्रार आली की हा नियम आठवा.

आता रोजचं रडगाणं. फोल्डर उघडतो, जुन्या फाइली उघडतात, पण मंदारने आज ठेवलेली फाइल बाकीच्यांना बदलता येत नाही. याची कारणं दोन, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम असतात: नवीन फाइलचा ग्रुप चुकीचा, किंवा ग्रुपला लिहायचा अधिकार नाही.

लिनक्सवर नवीन फाइलला बनवणाऱ्याचा प्राथमिक ग्रुप लागतो. बहुतेक वितरणांत प्रत्येकाचा प्राथमिक ग्रुप त्याच्याच नावाचा असतो, म्हणून मंदारची फाइल ‘मंदार’ ग्रुपची. फोल्डरवर सेटजीआयडी हा खास बिट लावला की नवीन फाइल फोल्डरचा ग्रुप घेते, आणि आत बनणाऱ्या उपफोल्डरवर सेटजीआयडी आपोआप येतो. आधीच असलेल्यांवर येत नाही, म्हणून एकदा सगळं सरळ करून घ्यायचं:

सीएचजीआरपी -आर आराखडा /एसआरव्ही/आराखडे
फाइंड /एसआरव्ही/आराखडे -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +
फाइंड /एसआरव्ही/आराखडे -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६० {} +

पहिल्या ओळीतला आर कॅपिटल. ‘एलएस -एलडी’ केल्यावर ग्रुपच्या तीन अक्षरांतलं शेवटचं अक्षर स्मॉल एस दिसलं पाहिजे. कॅपिटल एस दिसला तर सेटजीआयडी आहे पण ग्रुपचा एक्स गेलेला आहे. सेटजीआयडी काढायचा असेल तर ‘सीएचमॉड ७७०’ पुरत नाही, ग्नूचं सीएचमॉड डिरेक्टरीवरचा तो बिट मुद्दाम जपतं. ‘सीएचमॉड जी-एस’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

एवढं करूनही चुकीच्या ग्रुपच्या फाइली येत राहतात, त्या एमव्हीमुळे. सेटजीआयडी नव्याने बनणाऱ्या फाइलला लागतो. होममधून एमव्ही केलेली फाइल आपला जुना ग्रुप आणि जुन्या परमिशन घेऊनच येते. साधं सीपी केलं तर नवीन फाइल बनते आणि ग्रुप बरोबर लागतो. ‘सीपी -पी’ आणि ‘आरसिंक -ए’ मात्र जुना ग्रुप जपायला बघतात. ज्याला हे माहीत नाही त्याला ‘कधी चालतं, कधी नाही’ असंच वाटत राहणार.

लिहायच्या अधिकाराचं कारण यूमास्क, म्हणजे नवीन फाइलमधून आपोआप कापले जाणारे अधिकार. ०२२ असेल तर नवीन फाइल ६४४, ग्रुपला फक्त वाचायला. ००२ असेल तर ६६४. सगळ्यांचा यूमास्क बदलत बसण्यापेक्षा फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (नेहमीच्या तीन खान्यांपलीकडची अधिकारांची यादी) ठेवा, मग त्या फोल्डरपुरता यूमास्क लागूच होत नाही:

सेटएफएसीएल -आर -एम जी:आराखडा:आरडब्ल्यूएक्स,डी:जी:आराखडा:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/आराखडे

इथे -आर कॅपिटल, आणि दोन्ही ठिकाणचा शेवटचा एक्स कॅपिटल. कॅपिटल एक्समुळे डिरेक्टरींना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलींनाच एक्स मिळतो. ड्रॉइंगच्या फाइली उगाच एक्झिक्यूटेबल होत नाहीत.

एसीएल लावली की ‘एलएस -एल’मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह येतं आणि मधल्या तीन अक्षरांचा अर्थ बदलतो. ती आता मास्क दाखवतात, म्हणजे ग्रुपना मिळू शकणाऱ्या अधिकारांची कमाल मर्यादा. कुणी ‘सीएचमॉड ६००’ केलं, किंवा एखाद्या प्रोग्रॅमने फाइल बनवतानाच ६०० मागितलं, तर एसीएलची ओळ जागच्या जागी राहते आणि तरी ग्रुपला काहीच मिळत नाही. गेटएफएसीएलमध्ये त्या ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ म्हणून खरा अधिकार लिहिलेला असतो. मास्क परत उघडायला ‘सेटएफएसीएल -एम एम::आरडब्ल्यू’ आणि फाइलचं नाव.

विंडोजवाले सांबातून (लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून) येत असतील तर आणखी एक गाळणी मध्ये आहे. सांबाचा मुळातला क्रिएट मास्क ०७४४ असतो, तो ग्रुपचा लिहायचा अधिकार कापतो. शेअरच्या विभागात क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७० आणि फोर्स ग्रुप आराखडा ठेवा. फोर्स ग्रुपमध्ये नावाआधी अधिकचं चिन्ह दिलं तर जे मुळात सदस्य आहेत त्यांनाच तो ग्रुप लागतो, तसंच द्या. आणि सांबाची जोडणीही जुने ग्रुप धरून बसते: विंडोजवर ‘नेट यूज * /डिलीट’ करून परत जोडा, किंवा एसएमबीस्टेटसमध्ये त्या माणसाचा पीआयडी बघून तो मारा.

फोल्डरला लिहायचा अधिकार असला की दुसऱ्याची फाइल पुसताही येते. ते नको असेल तर २७७० ऐवजी ३७७०, म्हणजे स्टिकी बिटसह.

रेड हॅट, अल्मा किंवा रॉकीवर हे सगळं बरोबर असूनही अडलं तर एसईलिनक्स, म्हणजे परमिशनपलीकडचा सुरक्षेचा आणखी एक पहारा. ‘ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’मध्ये नकाराची नोंद दिसेल. तिथे ग्रुपशी खटपट करत बसू नका.

आकडे जुळत नसतील तर

ठाण्याच्या ऑफिसची शाखा महाप्याला निघाली, तिथेही सर्व्हर आला, एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) फोल्डर जोडला. ठाण्यात ‘आराखडा’ १००५, महाप्याच्या मशीनवर १००५ म्हणजे ‘हिशेब’. एनएफएसची साधी पद्धत तारेवरून आकडेच पाठवते, त्यामुळे महाप्यात हिशेबाची माणसं ड्रॉइंग उघडतात आणि ड्राफ्ट्समनना नकार मिळतो. ‘एलएस -एल’ दोन्हीकडे वेगळी नावं दाखवेल. खरं बघायला ‘एलएस -एलएन’.

शेअर्ड ग्रुपना सुरुवातीपासूनच सगळ्या मशीनवर एकच ठरवलेला जीआयडी द्यावा, आपोआप मिळणाऱ्या १०००-११०० च्या गर्दीपासून लांब: ‘ग्रुपॲड -जी ३००५ आराखडा’. आता उशीर झाला असेल तर आधी ‘गेटएंट ग्रुप ३००५’ने तो आकडा मोकळा आहे हे पाहा, मग ‘ग्रुपमॉड -जी ३००५ आराखडा’. पण ही कमांड यादीतला आकडा बदलते, डिस्कवरच्या फाइलींचा नाही. त्या १००५ लाच चिकटून राहतात:

फाइंड / -एक्सडेव्ह -जीआयडी १००५ -एक्झेक सीएचजीआरपी -एच आराखडा {} +

-एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाइलसिस्टिमवर राहतो, म्हणून प्रत्येक पार्टिशनवर वेगळी चालवा. कंटेनरमध्येही हीच गोष्ट: आतली नावं आणि बाहेरची नावं यांचा संबंध नाही, आकडा जुळला पाहिजे. डॉकरला ‘--ग्रुप-ॲड ३००५’ असा आकडाच द्या.

एनएफएसचं आणखी एक जुनं दुखणं म्हणजे १६ ची मर्यादा. त्याच साध्या पद्धतीत एका विनंतीबरोबर १६ च जोड-ग्रुप जातात. लिनक्स कर्नल २.६.४ पासून एका प्रोसेसला ६५,५३६ ग्रुप चालवून घेतो, पण तारेवर सतराव्याला जागा नाही. ज्येष्ठ माणसाला, जो वर्षानुवर्षं सगळ्या प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये आहे, त्यालाच नकार आणि नवख्याला प्रवेश, असं दिसलं की ग्रुप मोजा. सर्व्हरच्या /ईटीसी/एनएफएस.कॉन्फमध्ये माउंटडी विभागात मॅनेज-जीआयडीज=वाय करा; मग सर्व्हर क्लायंटने पाठवलेली यादी सोडून आपली यादी बघतो. अर्थात त्यासाठी सर्व्हरला ती खाती माहीत हवीत.

खाती एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे मध्यवर्ती यादीतून, येत असतील तर /ईटीसी/ग्रुप बघण्यात अर्थ नाही, गेटएंटच वापरा. एसएसएसडी (त्या यादीतून नोंदी आणणारी सर्व्हिस) नोंदी मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, जपून ठेवतं. ‘एसएसएस_कॅश -ई’, इथला ई कॅपिटल, सगळी कॅश शिळी ठरवते. नंतर नव्याने लॉगिन.

लॅब, डॉकर आणि इतर युनिक्स

ऐरोली-नेरूळकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये सेमिस्टर सुरू झालं की ठरलेला प्रश्न: आर्डुइनो जोडला, पोर्ट दिसतं, अपलोडला परमिशन डिनाइड. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० हे उबंटू-डेबियनवर डायलआउट ग्रुपचं असतं, आर्चवर यूयूसीपीचं. ‘एलएस -एल’ने ग्रुप बघा, विद्यार्थ्याचं खातं त्यात घाला, मशीन रीस्टार्ट करा. पोर्टवर ६६६ मारणं व्यर्थ: केबल काढून लावली की यूडेव्ह (डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्रॅम) परत पहिल्यासारखं करतं.

डॉकर ग्रुपबाबत मात्र हात आखडता घ्या. त्या ग्रुपचा सदस्य पूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडून घेऊ शकतो, म्हणजे तो पासवर्डविना रूटच. डिस्क ग्रुपचंही तेच. ‘सुडो नको, नुसतं डॉकर द्या’ ही मागणी साधी वाटते, साधी नाही.

मॅकवर यूजरमॉड नाही आणि नेहमीच्या कामात /ईटीसी/ग्रुपवर भरवसाही नाही. ‘डीएसएडिटग्रुप -ओ एडिट -ए मंदार -टी यूजर आराखडा’. फ्रीबीएसडीवर ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड आराखडा -एम मंदार’, आणि तिथे एम कॅपिटल दिला तर जुनी यादी जाऊन नवीच बसते. या दोन्हींवर नवीन फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते, सेटजीआयडीची गरज नाही.

माणूस सोडून गेल्यावर

काढतानाही प्रोसेसचा तोच नियम लागतो. ‘जीपासडब्ल्यूडी -डी मंदार आराखडा’ केल्याबरोबर यादीतून नाव जातं, पण त्याचं टीमक्स जिवंत असेल तर आराखडे त्याला उघडतच राहतात. म्हणून आधी ‘यूजरमॉड -एल मंदार’ने पासवर्ड बंद, इथला एल कॅपिटल, मग त्याच्या ऑथराइज्ड कीज हलवा, कारण पासवर्ड बंद झाल्याने एसएसएचची की बंद होतेच असं नाही, मग ग्रुपमधून काढा, मग लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर आणि उरलंसुरलं ‘पीकिल -किल -यू मंदार’ने. त्याचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कमांडची यादी) ‘क्रॉनटॅब -एल -यू मंदार’ने बघून घ्या.

ग्रुपच काढायचा असेल तर ग्रुपडेल, पण तो कुणाचा प्राथमिक ग्रुप असेल तर ती नकार देते. काढण्याआधी त्या जीआयडीच्या फाइली दुसऱ्या ग्रुपकडे वळवा. नाहीतर त्या नुसत्या आकड्यावर पडून राहतात, आणि तो आकडा पुढे नव्या ग्रुपला मिळाला की त्याच्या सदस्यांना आयत्याच उघडतात. अशा बेवारशी फाइली शोधायला ‘फाइंड / -एक्सडेव्ह -नोग्रुप’.